रिअल-टाइम कर्नेल आणि सुरू न होणारा संगणक

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरत असता बेंगळूरुच्या नियंत्रणकक्षातील शास्त्रज्ञ अखेरच्या टप्प्यात केवळ पाहात होते. निर्णय यानावरील संगणकच घेत होता. अशा कामी उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही. ते ठरलेल्या अवधीत यावे लागते. कार्यप्रणालीचा जो गाभा हा अवधी पाळतो, त्यास रिअल-टाइम कर्नेल म्हणतात. लिनक्स या सर्वांस खुल्या असलेल्या प्रणालीच्या मूळ कर्नेलमध्ये ही सोय २०२४ साली, ६.१२ या आवृत्तीत आली. त्यामुळे साध्या संगणकावरही ती अजमावता येते.

असा कर्नेल बसविल्यावर संगणक सुरू न झाल्यास, तो कोठे अडला हे प्रथम पाहावे. आरंभीच नकार मिळाला, तर कर्नेलवर सुरक्षा-तपासणीस मान्य अशी सही नसावी. मूळ फाइलव्यवस्था सापडत नाही असे सांगून तो थांबला, तर डिस्कचा ड्रायव्हर आरंभीच्या संचात राहून गेला असावा. पडदाच काळा राहिला, तर चित्रदर्शनाचा ड्रायव्हर जुन्या कर्नेलपुरताच बनविलेला असू शकेल. यंत्र मात्र आतून चालू असेल.

म्हणूनच जुना कर्नेल पुसू नये. त्यावर परतावे व एका वेळी एकच बदल करावा. अवकाशात गेलेले यान दुरुस्तीसाठी परत आणता येत नाही. ही परीक्षा जमिनीवरच पुरी व्हावयास हवी.