हॉटेलची पाटी रंगवण्याआधी

तलासरीला महामार्गालगत किंवा बोर्डी-घोलवडच्या वाडीत हॉटेल काढायचा विचार आहे ना? जरूर काढा. आपल्याकडे दोन चुली शेजारी-शेजारी आहेत. इराणी-पारशी घरातलं धानसाक अन् पात्रानी मच्छी; पाड्यावरची नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि पहिल्या पावसातली शेवळं. मात्र शेवळं काकडाशिवाय शिजवू नका. गिऱ्हाईकाचा घसा खाजला की नाव गेलंच!

नाव सोपं, वाडीचं किंवा गावाचं ठेवा. पाटीवर वारली चित्र हवं तर छापील नक्कल चिकटवू नका. पाड्यावरच्या चित्रकाराला बोलवा, मोबदला आधी ठरवून कागदावर लिहा. वारली चित्रकलेला २०१४ साली आणि डहाणू-घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मालावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आणि लग्नचौकातली पालघट देवी हात पुसायच्या कागदावर छापू नका. ती लग्नविधीतली देवता आहे, नुसती नक्षी नव्हे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अर्जदाराला अन्न नोंदणीची आठवण द्यावी. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आहे, तेव्हा बांधकामाची परवानगी आधी, पाया नंतर.

शेवटी एकच सांगणं. चित्र वारल्याचं, भाकर पाड्यावरच्या बाईच्या हातची, मग गल्ल्यातला वाटाही त्यांच्या घरी पोचला पाहिजे.