दतिया गेटची विहीर आणि शहराची शिल्लक

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मन अभिमानाने भरून येते. राणी लक्ष्मीबाईंचा पराक्रम, १८५८ च्या वसंतातील तो वेढा आणि वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात लिहून ठेवलेली त्या दिवसांची हकिगत आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. बँकेच्या सेवेत असताना बदलीच्या निमित्ताने या शहरात राहण्याचा योग आला, तेव्हा माझ्याही मनात हीच चित्रे होती. परंतु येथील पहिल्याच उन्हाळ्याने एक वेगळी झाशी दाखविली. सकाळी दहानंतर ओस पडणारे रस्ते, 'लू' या नावाने ओळखले जाणारे भाजून काढणारे वारे आणि टँकरभोवती जमणाऱ्या बादल्या व डबे! मे २०२४ च्या अखेरीस तर येथील तापमान ४९ अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचले होते.

जुन्या झाशीला तटबंदी होती. ओरछा गेट, सागर गेट, लक्ष्मी गेट, खंडेराव गेट अशी तिच्या वेशींची नावे आजही वस्त्यांच्या रूपाने जिवंत आहेत. दतियाच्या दिशेने जाणाऱ्या वाटेवरील वेस म्हणजे दतिया गेट. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली घरे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असा हा भाग. प्रस्तुत लेखाचा विषय, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड देण्याची शहराची क्षमता, मला कोणत्याही परिषदेत नव्हे, तर याच दतिया गेटमधील एका कर्जप्रकरणामुळे नीट समजला.

एक कर्जप्रकरण

अनेक पिढ्यांपूर्वी येथे स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबातील ज्येष्ठ गृहस्थ शाखेत आले. त्यांच्या मराठीला बुंदेली वळण लागलेले. म्हणाले, "साहेब, दोन बोअर कोरडे गेले. तिसरा जरा खोल घ्यायचा म्हणतो. थोडे कर्ज मिळाले तर बरे होईल."

घराची पाहणी करण्यासाठी मी गेलो. अंगणात एक जुनी, दगडी बांधकामाची विहीर होती. तिच्यात अर्ध्यापर्यंत गाळ आणि कचरा साचला होता.

"काका, हिचे काय करणार?"

"बुजवून टाकू, साहेब. वर एक खोली निघेल, भाडे येईल. पाणी तर आता बोअरचेच."

कागदोपत्री प्रकरणात काही न्यून नव्हते. उत्पन्न होते, तारण होते. तरीही माझे मन स्वस्थ बसेना. बोअर कोरडा गेला तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. ज्या कर्जातून पाणी मिळण्याची शाश्वती नाही, ते ग्राहकाच्या हिताचे कसे म्हणावे? या प्रश्नाचा शोध घेताना जे समजले, ते आपल्यासमोर मांडत आहे.

पाऊस आहे, साठा नाही

बुंदेलखंड म्हणजे दुष्काळी प्रदेश, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात झाशीचा सरासरी वार्षिक पाऊस ८५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षा अधिक आहे. अडचण आहे ती भूगर्भाची. या प्रदेशाच्या पोटात ग्रॅनाइटचा अभेद्य कातळ आहे. पाणी मुरते ते वरच्या पातळ, झिजलेल्या थरात आणि कातळातील भेगांमध्ये. भेग लागली तर बोअरला पाणी, नाही तर शेकडो फूट खोल जाऊनही धूळच! उथळ थरातील पाणी धरून ठेवणारी रुंद विहीर या भूमीला का मानवते, याचे उत्तर येथे मिळते.

त्यातच पावसाचा बहुतांश वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हवामानबदलामुळे या चार महिन्यांतही मोठे खंड पडतात आणि मग थोड्या तासांत धो-धो पाऊस कोसळून जातो. काँक्रीटच्या गल्ल्यांवरून ते पाणी गटारात आणि गटारातून शहराबाहेर निघून जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा भरपूर, पण खात्यात शिल्लक शून्य!

आता थोडे गणित करून पाहू. दतिया गेटमधील एका लहान घराचे छप्पर ६० चौरस मीटर धरू. ८५० मिलिमीटर पावसात त्यावर ५१,००० लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील ८० टक्के, म्हणजे सुमारे ४०,००० लिटर पाणी अडविता येते. दरडोई १३५ लिटर या शहरी मानकाप्रमाणे पाच जणांच्या कुटुंबाला ते जवळजवळ ६० दिवस पुरेल. केवळ पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी दररोज १० लिटर धरले, तर तेच पाणी दोन वर्षांहून अधिक काळच्या गरजेइतके आहे. अशी १०० घरे एकत्र आली, तर ४० लाख लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे ८०० टँकर! 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण बचत खात्याच्या संदर्भात नेहमी वापरतो. तिचा मूळ अर्थ येथे शब्दशः खरा ठरतो.

पूर्वसुरींची दूरदृष्टी

हे शहाणपण या शहराला नवे नाही. १७४२ च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर येथे आले. नाशिकच्या नारोशंकर मंदिरामुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि पायथ्याशी शहर वसविले. पुढे नेवाळकर घराण्याच्या काळात लक्ष्मी तालाच्या परिसरात महालक्ष्मीचे मंदिर उभे राहिले. गंगाधररावांची छत्रीही याच तलावाच्या सान्निध्यात आहे. किल्ल्याजवळचा पंचकुइयाँ परिसर तर पाच विहिरींचेच नाव मिरवितो. तलाव भरला की भोवतालच्या विहिरींना पाझर मिळे. तलाव हे शहराचे मुदत ठेव खाते आणि विहीर हे दैनंदिन व्यवहाराचे बचत खाते, अशी ही रचना होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. नळ आले, बेतवा नदीवरील माताटीला धरणाचे पाणी शहराला मिळू लागले आणि आपण ही दोन्ही खाती हळूहळू विसरलो.

बुंदेलखंडातील शेतकऱ्यांची 'हवेली' पद्धतही अशीच विचारपूर्वक योजलेली. शेताच्या उताराच्या बाजूला बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडायचे, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यायचे आणि ओल धरलेल्या जमिनीत रब्बीचे पीक घ्यायचे. झाशी जिल्ह्यातील परासई-सिंध पाणलोट क्षेत्रात २०११ पासून झाशीच्या कृषिवानिकी संशोधन संस्थेने हैदराबादच्या 'इक्रिसॅट' या संस्थेच्या सहकार्याने अशा हवेलीचा जीर्णोद्धार केला आणि नाल्यांवर बंधारे बांधले. परिणामी विहिरींची पातळी दोन ते पाच मीटरने उंचावली. याच जिल्ह्यात घुरारी नदीच्या पात्रात 'जल सहेली' महिलांनी पोत्यांमध्ये वाळू भरून बंधारा घातला आणि नदीला नवे जीवन दिले. सप्टेंबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनी या उपक्रमाचा उल्लेख केला होता. पोती, वाळू आणि श्रम हेच त्यांचे भांडवल होते.

याउलट, तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ आली की काय होते, हे २०१६ साली आपण महाराष्ट्रात अनुभवले आहे. त्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले.

उष्णतेचे संकट

पाण्याइतकाच गंभीर प्रश्न उष्णतेचा आहे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात त्या महिन्याच्या नेहमीच्या संख्येपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाले. त्यापासून धडा घेऊन २०१३ साली त्या महानगरपालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला. हवामान खात्याच्या अंदाजानुसार आधीच इशारा देणे, रुग्णालये सज्ज ठेवणे, पाणपोया आणि सावलीची व्यवस्था करणे अशी त्याची साधी कलमे आहेत. देशातील इतर अनेक शहरांनी पुढे हाच मार्ग अनुसरला.

घरगुती पातळीवरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा थर देणे. पांढरा पृष्ठभाग सूर्यकिरण परावर्तित करतो आणि खालच्या खोलीचे तापमान काही अंशांनी कमी राहते. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना त्याचा लाभ विशेष जाणवतो. तेलंगणाने २०२३ साली शीतल छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. दतिया गेटच्या नाक्यावर हातगाडी लावणाऱ्या आमच्या खातेदारांसाठी तर एका झाडाची सावली म्हणजे दुपारचे दोन-तीन तासांचे उत्पन्न असते. ते बुडाले की त्याचा परिणाम कर्जाच्या हप्त्यावरही दिसतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

निधी कोठून आणावा?

आता आमच्या क्षेत्राचा प्रश्न. अशा कामांना पैसा लागतो आणि तो केवळ शासनाने द्यावा, अशी अपेक्षा पुरेशी नाही. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. होळकरांच्या इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे थेट जनतेसाठी खुले केले. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत उचलून आणण्यासाठी विजेवर होणारा प्रचंड खर्च वाचावा म्हणून जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारणे, हा त्यामागील हेतू. नागरिकांनीच आपल्या शहराला कर्ज द्यावे आणि त्यावर व्याजही मिळवावे, अशी ही योजना आहे.

वैयक्तिक पातळीवरही मार्ग उपलब्ध आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घराच्या छतावरील तीन किलोवॉटच्या सौर संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली आणि उर्वरित रकमेसाठी बँकांनी कर्जयोजना आखल्या. असा संच दररोज साधारणपणे १२ युनिट वीज देतो. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून हरित ठेवींसाठीची नियमावली लागू केली आहे. तिच्यानुसार अशा ठेवींचा पैसा पर्यावरणपूरक कामांसाठीच वापरणे बँकेवर बंधनकारक असते. अनुदान, व्याजदर व पात्रता यांची अद्ययावत माहिती आपल्या नजीकच्या शाखेत अवश्य विचारावी.

काही दक्षता

उत्साहाच्या भरात पुढील बाबींचा विसर पडू नये.

१. छतावरील पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहून जाऊ द्यावे. धूळ व घाण त्यातच असते.

२. पाणी विहिरीत सोडण्यापूर्वी खडी, वाळू व कोळसा यांच्या थरांतून गाळून घ्यावे.

३. शौचालयाची टाकी किंवा गटार विहिरीलगत असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा.

४. पाण्याची तपासणी झाल्याशिवाय ते पिण्यासाठी वापरू नये.

५. गाळ उपसण्यासाठी जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आतील हवा सुरक्षित असल्याची खात्री करावी. विषारी वायूमुळे प्राणावर बेतू शकते.

त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, स्थानिक उपक्रम हा नगरपालिकेच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. सांडपाण्याचे शुद्धीकरण, तलावांचे रक्षण आणि नालेसफाई ही कामे गल्लीच्या आवाक्याबाहेरची आहेत. तलावात सांडपाणी जात राहिले, तर भोवतालच्या विहिरी कितीही उपसल्या तरी व्यर्थ. नागरिकांनी आपले काम करावे आणि पालिकेला तिच्या कामाची आठवणही करून द्यावी.

आणि ती विहीर?

वरील गणित मी त्या काकांसमोर एका कागदावर मांडले. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "साहेब, माझी आजी या विहिरीची पूजा करायची. आम्ही तिला कचराकुंडी केली." बोअरसाठीचा अर्ज त्यांनी परत घेतला. शाखेच्या कर्जवाटपात एका प्रकरणाची घट झाली. त्याबद्दल वरिष्ठांना उत्तर देताना मला संकोच वाटला नाही. स्वतःच्या बचतीतून त्यांनी गाळ उपसून घेतला आणि गच्चीचे पाणी गाळणीतून विहिरीत सोडले. श्रावणात मी पुन्हा गेलो, तेव्हा विहिरीत पाणी दिसत होते. ते अद्याप पिण्यायोग्य नव्हते. पण धुणी-भांडी आणि अंगणातील कडुलिंब यांची सोय झाली होती.

एका घराची विहीर उन्हाळ्याअखेर आटेलही, कारण जमिनीखालचे पाणी कोणा एकाच्या मालकीचे नसते. शेजारच्या दोन घरांनी त्यांच्या गच्चीचे नळही याच विहिरीकडे वळवावेत, असा प्रस्ताव आता गल्लीत चर्चेत आहे. काकांची अट एकच आहे, पाणी सर्वांचे राहील.

संकटकाळासाठी थोडी शिल्लक बाजूला ठेवावी, हे आम्ही बँकेचे कर्मचारी ग्राहकांना नित्य सांगत असतो. पैशांच्या बाबतीत आपण ते मान्य केले आहे. पाणी, सावली आणि गारवा यांच्या बाबतीतही तीच सवय आपण लावून घेतली, तर येणारा उन्हाळा कितीही कठोर असला, तरी आपले शहर त्याला धैर्याने सामोरे जाऊ शकेल. आपल्या घराच्या छतापासून आरंभ करण्यास या पावसाळ्यासारखा सुमुहूर्त दुसरा कोणता?