सिहोऱ्याच्या पाण्याचे कागद

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा लागते. जवळच चांदपूरचा जलाशय. सोंड्याटोला उपसा योजनेने वैनगंगेचे पाणी उचलून या जलाशयात आणले आहे. नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा. धानाच्या बांध्या, बोड्या, नहरा आणि डोंगराकडचे जंगल असा हा मुलूख गेल्या दोनशे वर्षांत कसकसा बदलत गेला, याचा शोध गावातला शिक्षक किंवा पदवीचा विद्यार्थीही घेऊ शकतो. साधने पुष्कळ आहेत. मात्र ती एका कपाटात मिळत नाहीत.

याचे कारण इथल्या राजवटींच्या इतिहासात आहे. भंडारा भोसल्यांकडून १८५४ मध्ये कंपनीकडे गेला, १८६१ मध्ये मध्य प्रांतात आला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा झाला. पुढे १९९९ मध्ये त्यातून गोंदिया वेगळा निघाला. सारा ज्या दरबारी जमा होई, त्या दरबारी कागद साठत गेला. म्हणून सिहोऱ्याचा अभ्यासक नागपूरच्या पुराभिलेखागारापाशी थांबला तर काम अर्धे राहते. भोपाळचे अभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी हीही त्याचीच दप्तरे आहेत. दिल्लीतल्या कागदांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते.

छापील पुस्तके

सुरुवात छापील पुस्तकांपासून करावी. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याचा भोसल्यांच्या मुलखावरील अहवाल १८२७ चा आहे. लॉरेन्सचा भंडारा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल १८६७ चा, चार्ल्स ग्रँटने संपादित केलेले मध्य प्रांताचे गॅझेटिअर १८७० चे आणि रसेलने संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०८ चे. महाराष्ट्र शासनाचे गॅझेटिअर त्यानंतरचे. यांतले बरेचसे साहित्य इंटरनेट आर्काइव्हवर आणि राज्याच्या गॅझेटिअर विभागाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येते. शोधताना जुनी इंग्रजी स्पेलिंगेही वापरून पाहावीत. भंडाऱ्याच्या नावात पहिल्या ‘ए’च्या जागी ‘यू’ घातला की एरवी न दिसणारी पुस्तके समोर येतात.

तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींचा माग काढायचा असेल, तर भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांचा भारतातील मँगनीजवरचा १९०९ चा ग्रंथ टाळून चालत नाही. जंगलासाठी महेश रंगराजन यांचे मध्य प्रांतातील वनधोरणावरील १९९६ चे पुस्तक वाचावे. विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात, आणि प्रत्येक प्रबंधाची संदर्भसूची पुढची वाट दाखवते.

हे कागद वाचताना ते कशासाठी लिहिले गेले, हे विसरू नये. जमाबंदी अधिकारी तलावाकडे पाही तो ओलिताखालच्या जमिनीवर किती सारा बसेल, या हिशेबाने. त्या तलावात कोणती मासोळी होती, हा त्याचा प्रश्नच नव्हता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातीजमातींवरील ग्रंथात तलाव बांधणारे कोहळी आणि शिंगाडा लावणारे ढिवर भेटतात. पण तेही बाहेरच्या माणसाने केलेले वर्णन आहे.

गावाचे दप्तर आणि नकाशे

गावाच्या जवळचे कागद दोन: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. सरपण कुठून आणायचे, ढोरे कुठे चारायची, पाणी कोणी आणि कसे घ्यायचे, मासे कोणी धरायचे, या वहिवाटी त्यांत नोंदवल्या आहेत. महसूल अधिनियमाच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांना आजही स्थान आहे. तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्यांच्या नकला मागाव्यात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव शासनाचे झाले. आज ज्यांना आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतो, त्यांच्या पाळीची, तुडुमाची आणि गाळाची जबाबदारी त्याआधी कोणाची होती आणि नंतर कोणाची झाली, हे या नोंदींवरून जुळवता येते.

नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे ‘५५ ओ’ हे पत्रक पाहावे. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात काढलेली भारताची नकाशामाला टेक्सास विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहे. लँडसॅटची उपग्रह छायाचित्रे १९७२ पासूनची मिळतात. त्यांची तुलना करताना महिना सारखा घ्यावा. ऑक्टोबरमधला भरलेला तलाव मे महिन्यातल्या कोरड्या तलावाशेजारी ठेवला, तर नसलेला ऱ्हास दिसू लागतो.

जे लिहिलेच गेले नाही

बोडीतून कोणती मासोळी नाहीशी झाली, बेशरमाची झुडपे तलावात कधी शिरली, पाळीवरची झाडे कोणी तोडली, याची उत्तरे ढिवरांकडे आणि जुन्या शेतकऱ्यांकडे आहेत. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाचे हेच ज्ञान हाताशी धरून तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम केले आहे. मुलाखत घेताना वर्ष न विचारता लग्न, पूर, दुष्काळ, धरणाचे काम अशा खुणांनी काळ ठरवावा. सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे.

या मेहनतीला कायद्याचे मोल आहे. वनहक्क कायद्याखालील नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. गॅझेटिअर, जमाबंदी अहवाल, नकाशे आणि उपग्रह छायाचित्रे तीत आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही त्याच यादीत आहे. म्हणून कामाचा क्रम उलटा लावावा. रसेलचे गॅझेटिअर पुढच्या वर्षीही वाचता येईल. ऐंशी वर्षांच्या ढिवर आजोबांचे म्हणणे मात्र या हिवाळ्यातच लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.