चिखलातले फुकटे प्रवासी

दोस्तांनो, रोवणीच्या दिवसांत आंबागडला गेलात तर काय दिसेल, सांगू? भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं हे गाव. इथे जुना डोंगरी किल्ला आहे आणि भोवताली पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या! चिखलणी करून ट्रॅक्टर बाहेर आला, की त्याचा रंगसुद्धा ओळखू येत नाही!

मग तो जातो गाडी धुणाऱ्या दादांकडे. ते कशाला धुतात बरं? चमकायला? तेवढंच नाही हं! त्या चिखलात चोरून बसलेले प्रवासी असतात. ओळखा पाहू कोण?

बिया! इवल्याइवल्या, तणांच्या बिया!

किती असतील? दहा? वीस? ऐका तर! चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने तळ्याकाठचा फक्त तीन चमचे चिखल घेतला. एका कपात भरून सहा महिने झाकून ठेवला. रोप उगवलं की उपटायचं आणि मोजायचं. शेवटी आकडा आला 537! एवढ्याशा चिखलातून पाचशे सदतीस रोपं! मग ट्रॅक्टरच्या चाकाला तर घमेलंभर चिखल असतो!

रस्त्याकडेचं पांढऱ्या फुलांचं गाजर गवत पाहिलंय ना? ते मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे 1955 च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि आता देशभर पसरलंय! त्याच्या बिया वाऱ्यापाण्याबरोबर जातात, तशाच गाड्यांच्या चिखलातूनही जातात. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गाड्या आणि शेतीची यंत्रं धुवायला खास जागा केल्या आहेत.

आता धुण्याची युक्ती बघा. दादा आधी मोठी ढेकळं खरवडतात. मग चिखल भिजवतात. मातीचे बारीक कण वाळले की एकमेकांना घट्ट चिकटतात. पाणी मध्ये शिरलं, की पकड सुटते!

मग येते जोरदार धार! शाळेच्या बागेतल्या पाइपवर अंगठा दाबलाय कधी? वाट अरुंद झाली, की पाणी सुसाट सुटतं. इथे तर मोटर पाण्याला आणखी दाबते. काही यंत्रांत हा दाब हवेच्या दाबाच्या शंभर पट असतो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर एक क्विंटल धानाचं ओझं! म्हणून ही धार कधीच कुणाच्या अंगावर मारायची नाही हं!

धार सगळीकडे चालत नाही. विजेच्या तारांवर नको! बेअरिंगवर नको, आतलं ग्रीस निघून जाईल. पण रोटाव्हेटरच्या पात्यांमागे, मडगार्डच्या आत, चाकांच्या खाचांत मात्र हवीच. बिया तिथेच दडतात ना!

दादांच्या या मेहनतीमुळे एका शेतातलं तण दुसऱ्या शेतात जायचं थांबतं. आहे ना मोठं काम?

तुम्हीही डार्विन व्हा! सायकलच्या चाकाचा चिखल जुन्या वाटीत ठेवा, रोज थोडं पाणी शिंपडा आणि उगवेल ते वहीत लिहा. गाजर गवत दिसलं तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. त्याने अंगाला खाज सुटू शकते. बघू या, तुमच्या सायकलवरून कोणकोण फुकट फिरतंय!