हिल, लिन

(३ जानेवारी १९६१ – ). विख्यात अमेरिकन प्रस्तरारोहणपटू. स्पर्धात्मक प्रस्तरारोहणाच्या आरंभकाळातील अग्रगण्य व्यावसायिक खेळाडू आणि कॅलिफोर्निया राज्यातील एल कॅपिटन या कड्यावरील ‘द नोज’ हा मार्ग मुक्त आरोहणपद्धतीने पूर्ण करणारी पहिली व्यक्ती, म्हणून तिची ख्याती आहे. तिच्यापूर्वी हा पराक्रम कोणत्याही स्त्रीला वा पुरुषाला साधलेला नव्हता.

तिचा जन्म मिशिगन राज्यातील डिट्रॉइट येथे झाला. सात भावंडांत ती पाचवी. तिचे बालपण कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे गेले. लहानपणी तिने जिम्नॅस्टिक्सचे शिक्षण घेतले. अवघड हालचालीचे लहानलहान भाग पाडून त्यांचा स्वतंत्रपणे सराव करणे आणि शरीराचा तोल अचूक सांभाळणे, या तेथील सवयी तिला पुढे फार उपयोगी पडल्या. १९७५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, थोरल्या बहिणीबरोबर ती प्रथम कातळावर चढली. त्यानंतर जोशुआ ट्री व योसेमिटी येथील तरुण आरोहकांच्या वर्तुळात ती वावरू लागली. १९७९ मध्ये तिने कोलोरॅडो राज्यातील ‘ओफिर ब्रोक’ हा मार्ग मुक्तपणे चढून दाखविला. तोवर स्त्रियांनी केलेल्या आरोहणांत तो सर्वांत कठीण समजला गेला. त्या काळी कातळ चढून उदरनिर्वाह होण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित होणाऱ्या ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ या शारीरिक क्षमतेच्या स्पर्धांत तिने १९८० नंतरच्या काही वर्षांत ओळीने विजय मिळविले. स्त्रियांसाठी ठेवलेली बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या मानाने कमी असल्याबद्दल तिने तेथे आक्षेपही नोंदविला. १९८३ मध्ये ती न्यूयॉर्क राज्यातील न्यू पॉल्ट्झ येथे राहावयास गेली. जवळच्या शावनगंक्स कड्यांवर आरोहण चालू ठेवून तिने तेथील विद्यापीठातून १९८५ मध्ये जीवविज्ञानाची पदवी संपादन केली.

हिलच्या कामगिरीचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी आरोहणाच्या दोन पद्धतींतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. साधनाश्रित आरोहणात कातळाच्या भेगेत मेखा किंवा तत्सम साधने बसवून, त्यांवरच शरीराचा भार टाकून वर सरकतात. मुक्त आरोहणात मात्र दोर व मेखा यांचा उपयोग केवळ पडल्यास इजा होऊ नये एवढ्यापुरताच करतात. वर जाण्यासाठी हात, पाय व कातळ यांखेरीज कशाचाही आधार घेत नाहीत. मुक्त आरोहणातील मार्गांच्या काठिण्यानुसार प्रतवारी करतात. अमेरिकन पद्धतीत ती ५·० पासून आरंभ होऊन चढत जाते, तर फ्रेंच पद्धतीत ‘८ बी’, ‘८ बी अधिक’ अशा अंकाक्षरांनी दर्शवितात.

मुक्त आरोहणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना इटलीतील बार्दोनेक्किया येथे १९८५ मध्ये प्रारंभ झाला. सुरुवातीच्या स्पर्धा नैसर्गिक कड्यांवर घेतल्या जात. परंतु प्रत्येक स्पर्धेसाठी नवा व सर्वांना अपरिचित असा मार्ग तेथे मिळणे कठीण, शिवाय कड्याची व परिसराची हानी होते, म्हणून लवकरच कृत्रिम भिंती वापरात आल्या. अशा भिंतीवर हव्या त्या जागी पकडी बसवून मार्गरचनाकार मार्ग तयार करतो. एकाचे कौशल्य दुसऱ्याने पाहून लाभ घेऊ नये म्हणून स्पर्धकांना आपली पाळी येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. नेमून दिलेल्या वेळात जो सर्वांत उंच पोहोचतो तो विजयी ठरतो. एकदा हात सुटला की प्रयत्न संपला. कड्यावर आरोहक आठवडेच्या आठवडे एकाच मार्गाचा पाठपुरावा करू शकतो. स्पर्धेत त्याला काही मिनिटांत, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, अपरिचित मार्गाचे कोडे सोडवावे लागते.

हिलने १९८६ मध्ये इटलीतील आर्को येथील स्पर्धेत भाग घेतला व फ्रान्सच्या कातरीन देस्तिव्हेल हिच्या खालोखाल दुसरा क्रमांक मिळविला. यापुढील सहा वर्षे ती पूर्णतः व्यावसायिक स्पर्धक होती. बक्षिसे व साधननिर्मात्यांचे साहाय्य हे तिच्या उपजीविकेचे साधन होते. आर्को येथील ‘रॉक मास्टर’ ही प्रतिष्ठेची स्पर्धा तिने १९८७ ते १९९० अशी सलग चार वर्षे व पुन्हा १९९२ मध्ये जिंकली. १९८९ मध्ये विश्वचषक स्पर्धामालिका सुरू झाली आणि १९९० च्या मालिकेत हिल व फ्रान्सची इझाबेल पातिस्ये या दोघींनी संयुक्तपणे पहिला क्रमांक पटकाविला. हिलने जिंकलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची एकूण संख्या तीसहून अधिक भरते.

या यशाच्या ऐन भरात, मे १९८९ मध्ये, फ्रान्समधील ब्यूक्स येथे तिला जीवघेणा अपघात झाला. सरावासाठी निवडलेला मार्ग तिच्या दृष्टीने सोपा होता. कमरेच्या पट्ट्यातून तिने दोर ओवला, पण मध्येच लक्ष दुसरीकडे गेल्याने गाठ पुरी करावयाची राहिली. अंगातील जाकिटामुळे ही चूक कोणाच्याही ध्यानात आली नाही. माथ्यावर पोहोचून खाली येण्यासाठी तिने दोरावर भार टाकताच तो पट्ट्यातून निसटला व ती वीस मीटरहून अधिक उंचीवरून कोसळली. झाडाच्या फांद्यांमुळे वेग कमी झाला, म्हणून प्राण वाचले. कोपराचा सांधा निखळला व पायाचे हाड मोडले. काही महिन्यांतच ती पुन्हा स्पर्धेत उतरली आणि त्याच वर्षीची आर्को येथील स्पर्धा तिने जिंकली. अनुभव व कौशल्य यांमुळे साध्या दक्षतेची गरज कमी होत नाही, याचे उदाहरण म्हणून हा अपघात आरोहणाच्या प्रशिक्षणात आजही सांगितला जातो. दोघांनी एकमेकांच्या गाठी तपासल्याखेरीज जमीन सोडू नये, हा नियम किती मोलाचा आहे हे त्यावरून कळते.

१९९० मध्ये तिने फ्रान्समधील सिमाई येथील ‘मास क्रितीक’ हा ‘८ बी अधिक’ (अमेरिकन पद्धतीनुसार ५·१४) श्रेणीचा मार्ग पूर्ण केला. या श्रेणीपर्यंत पोहोचलेली ती पहिली स्त्री होय. हा मार्ग प्रथम चढणारा फ्रेंच आरोहक झां-बातिस्त त्रिबू याने, या श्रेणीचा मार्ग कोणतीही स्त्री चढू शकणार नाही, असे मत व्यक्त केले होते. हिलने त्याला वादाने नव्हे, तर कृतीने उत्तर दिले.

१९९२ च्या अखेरीस तिने स्पर्धांतून निवृत्ती स्वीकारली. स्पर्धांची तयारी दिवसेंदिवस बंदिस्त जागेतील कृत्रिम भिंतींपुरती सीमित होत चालली होती आणि तिची ओढ नैसर्गिक कड्यांकडे होती. एल कॅपिटन हा सु. ९०० मी. उंचीचा ग्रॅनाइटचा कडा. त्यावरील ‘द नोज’ हा मार्ग वॉरेन हार्डिंग, वेन मेरी व जॉर्ज व्हिटमोर यांनी १९५८ मध्ये साधनाश्रित पद्धतीने प्रथम पूर्ण केला. त्यासाठी सु. दीड वर्षाच्या कालावधीत ४५ दिवस कड्यावर घालवावे लागले होते. पुढे अनेक नामवंतांनी तो मुक्तपणे चढण्याचा प्रयत्न केला, परंतु दोन ठिकाणी सर्वांचीच गती खुंटली. एक, ‘ग्रेट रूफ’ हे छतासारखे पुढे आलेले कातळ. त्याखालच्या भेगेत जेमतेम बोटांची टोके शिरतात. दुसरे, त्याहून वरचा ‘चेंजिंग कॉर्नर्स’ हा जवळजवळ गुळगुळीत कोपरा. तेथे पकडी नसल्याने तळहात, पावले व पाठ यांचा दोन्ही बाजूंवर दाब देऊन, अंग वळवीत इंचाइंचाने वर सरकावे लागते. १९९३ मध्ये ब्रुक सँडल या सहकाऱ्यासमवेत हिलने चार दिवसांत हा मार्ग मुक्तपणे पूर्ण केला. १९ सप्टेंबर १९९४ च्या रात्री तिने पुन्हा आरंभ केला आणि स्टीव्ह सटन या सहकाऱ्याच्या साथीने संपूर्ण मार्ग २३ तासांत मुक्तपणे चढून दाखविला. हा मार्ग एका दिवसात मुक्तपणे चढणे यानंतर २००५ पर्यंत कोणालाही जमले नाही. त्या वर्षी टॉमी कॉल्डवेल याने ते साधले.

हिलची उंची सु. १५७ सेंमी. असून तिच्या यशाचे श्रेय काहींनी तिच्या बारीक बोटांना दिले. हा युक्तिवाद अपुरा आहे. बारीक बोटे अरुंद भेगेत उपयोगी पडतात हे खरे, परंतु उंच आरोहकाच्या सहज हाती येणारी पकड ठेंगण्या आरोहकाच्या आटोक्याबाहेर राहते. कातळ प्रत्येक शरीराला काही देतो व काही नाकारतो. जे नाकारले जाते त्यावर तंत्राने मात करणे, हेच प्रस्तरारोहणाचे मर्म होय.

स्पर्धांतून निवृत्त झाल्यानंतर तिने किरगिझस्तान, मादागास्कर इ. प्रदेशांतील कड्यांवर आरोहणे केली. ग्रेग चाइल्ड याच्या सहकार्याने लिहिलेले क्लाइंबिंग फ्री हे तिचे आत्मचरित्र २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. टोकिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत (२०२१ मध्ये झालेल्या) प्रस्तरारोहणाचा प्रथमच समावेश झाला. तोपर्यंत हा खेळ सुसंघटित झालेला होता. हिलच्या काळी यांपैकी काहीच सिद्ध नव्हते. स्पर्धेसाठी अंगी बाणविलेली शिस्त, दमसास व मार्ग वाचण्याची दृष्टी तिने नैसर्गिक कड्यावर नेली आणि तेथे स्त्री व पुरुष दोघांसाठी एकच नवे परिमाण निर्माण केले, यातच तिच्या कारकिर्दीचे ऐतिहासिक महत्त्व आहे.