रिकाम्या खुर्चीचा हिशेब

मुंबईच्या लोकलचा जो महिन्याचा ‘पास’ आपण खिडकीवर मागतो, त्याला रेल्वेच्या लेखी ‘सीझन तिकीट’ म्हणतात. एकदा ते काढलं की महिनाभर रोज दोन वेळा गर्दीत चेंगरा, नाहीतर ताप आला म्हणून पंधरा दिवस घरी झोपा. रेल्वेला त्याचं सोयरसुतक नसतं. पुढच्या महिन्यात खिडकीवरचा माणूस ‘गेल्या महिन्यात किती दिवस गेलात?’ असं विचारत नाही.

इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबाचंही सीझन तिकीट असतं. त्याचेही पैसे आधीच भरायचे असतात. पण गेल्या काही वर्षांत तिथल्या बऱ्याच मोठ्या क्लबांनी नेमका हाच प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे: किती सामन्यांना आलात? उत्तर कमी भरलं तर पुढच्या हंगामात ती खुर्ची दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. पैसे चुकते केलेल्या गिऱ्हाईकाची हजेरी का घ्यायची, आणि घ्यायची तर मोजायची कशी, हे एकेक करून पाहू.

विकत नेमकं काय घेतलं जातं?

प्रीमियर लीग या इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या स्पर्धेत २० क्लब. प्रत्येकाचे ३८ सामने, त्यातले १९ घरच्या मैदानावर. सीझन तिकीट म्हणजे ऑगस्ट ते मे या काळातल्या त्या १९ सामन्यांसाठी एक ठरलेली जागा: अमुक स्टँड, अमुक ब्लॉक, अमुक रांग, अमुक क्रमांक. एफए कप, लीग कप किंवा युरोपातल्या स्पर्धांचे सामने बहुतेक ठिकाणी यात धरलेले नसतात. त्या सामन्यांना तुमची खुर्ची काही दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात, किंवा तुम्ही आधी संमती दिली असेल तर पैसे आपोआप कापून घेतात.

पण या तिकिटातला खरा ऐवज १९ सामन्यांच्या पलीकडचा आहे. तो म्हणजे नूतनीकरणाचा हक्क. हंगाम संपत आला की ती खुर्ची पुढच्या वर्षासाठी घेण्याची पहिली संधी जुन्या धारकाला मिळते. म्हणून लोक एकेक जागा वीस-तीस वर्षं सांभाळतात. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं आडनाव ठाऊक नसतं, पण त्याचा गुडघा कधी दुखतो हे ठाऊक असतं. सगळे ‘आमची जागा’ म्हणतात. कागदावर मात्र ती कोणाचीच नसते. क्लबाने एका हंगामापुरती दिलेली ती परवानगी असते, आणि परवानगी म्हटली की अटी आल्याच.

आधी खुर्ची आली, मग रिकामी खुर्ची

एके काळी हा प्रश्न उद्भवलाच नसता. पूर्वी इंग्लंडमध्ये असंख्य प्रेक्षक पायऱ्यांच्या उघड्या उतारांवर उभे राहून सामना पाहायचे. दारावर पैसे द्यायचे, फिरत्या दांड्यातून आत शिरायचं, जागा मिळेल तिथे उभं राहायचं. एखादा नेहमीचा माणूस आला नाही तर शेजारचे थोडे सैलावून उभे राहायचे, एवढंच. अनुपस्थिती डोळ्यांना दिसत नसे.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यातल्या मृतांची संख्या पुढे ९७ वर गेली. त्यानंतर नेमलेल्या चौकशीचा अंतिम अहवाल, म्हणजे टेलर अहवाल, १९९० मध्ये आला. त्यातून वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसायला खुर्ची देणं सक्तीचं झालं आणि १९९४ पर्यंत बहुतेक मैदानांचं रूप पालटलं. प्रत्येक प्रेक्षकाला क्रमांक मिळाला, आणि जो आला नाही त्याचा क्रमांक उघडा पडला. लाल किंवा निळं प्लास्टिक कॅमेऱ्यात लखलखीत दिसतं.

पैसे मिळाले, मग क्लबाचं काय जातं?

मैदानावर जाहीर होणारा प्रेक्षकांचा आकडा बहुधा विकलेल्या तिकिटांचा असतो. त्यामुळे न आलेला सीझन तिकीटवालाही त्या आकड्यात हजर असतो. तरीही क्लबाला रिकामी खुर्ची खुपते, आणि त्याची कारणं चार आहेत.

एक, खुर्चीत माणूस असला तर तो काहीबाही खातो, बिअर घेतो, पोराला मफलर घेऊन देतो. दोन, भरलेलं मैदान आवाज करतं, आणि तो आवाजच टीव्हीवर विकला जातो. तीन, मोठ्या क्लबांच्या सीझन तिकिटांसाठी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षा याद्या आहेत. यादीतल्या माणसाला दर शनिवारी टीव्हीवर रिकामी खुर्ची दिसली की तो क्लबाला जाब विचारतो.

चौथं कारण काळ्याबाजाराचं. काही जण सामना पाहण्यासाठी सीझन तिकीट घेतच नाहीत. मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे चार-पाच सामने पर्यटकांना चढ्या भावाने विकायचे आणि उरलेल्या सामन्यांना खुर्ची तशीच सोडायची, असा हिशेब असतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या एका कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. सिनेमाच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटाला हा कायदा लागू नाही, फुटबॉलला आहे. पण कायदा रस्त्यावरच्या विक्रेत्याला पकडतो. घरबसल्या फोनवरून होणारा सौदा पकडायला हजेरीचा हिशेब जास्त कामाचा ठरतो. ज्या खुर्चीत फक्त मोठ्या सामन्यांनाच माणूस दिसतो आणि तोही दर वेळी निराळा, तिचा संशय येणारच.

हजेरी कशी लागते

तिकीट आता फोनमध्ये असतं. फिरत्या दाराशी असलेल्या यंत्राजवळ फोन धरला की हिरवा दिवा लागतो, दांडा फिरतो, आणि त्या क्रमांकाची खुर्ची ‘वापरली’ अशी नोंद होते. पूर्वीच्या वहीतून फाडायच्या कुपनांना ही स्मरणशक्ती नव्हती.

येता येणार नसेल तर दोन रस्ते असतात. पहिला, तिकीट ओळखीच्या माणसाला पाठवणं. क्लबाच्या अॅपमधून ते भावाच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर जातं. बऱ्याच क्लबांत त्या व्यक्तीलाही क्लबाचं सदस्यत्व असावं लागतं. दुसरा, खुर्ची त्या सामन्यापुरती क्लबाला परत देणं. आर्सेनलसारख्या क्लबांची यासाठी अधिकृत ‘तिकीट एक्स्चेंज’ आहे. क्लब ती खुर्ची दुसऱ्या सदस्याला विकतो आणि मूळ धारकाला त्या सामन्याच्या वाट्याची रक्कम देतो, रोख किंवा पुढच्या वर्षाच्या तिकिटात वळती करून. स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबात याच तऱ्हेच्या योजनेला कातालान भाषेत ‘सेइएंत यिउरे’ म्हणतात, म्हणजे मोकळी खुर्ची.

एकच हंगाम, दोन निकाल

आता एक हंगाम मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक क्लबाचे खरे आकडे निराळे असतात आणि दरवर्षी बदलतात.

समजा, इस्पितळात पाळीने काम करणाऱ्या एका परिचारिकेचं ९५० पाउंडांचं सीझन तिकीट आहे. ९५० भागिले १९, म्हणजे सामन्याला ५० पाउंड. हंगामात ती स्वतः ९ सामन्यांना गेली. ४ सामन्यांची तिकिटं तिने भावाला पाठवली, तो गेला. ३ सामने तिने एक्स्चेंजवर टाकले, तिन्ही विकले गेले, १५० पाउंड जमा झाले. राहिलेल्या ३ सामन्यांना ऐन वेळी पाळी बदलली आणि खुर्ची रिकामी राहिली. ९ अधिक ४ अधिक ३ अधिक ३, बरोबर १९.

पहिल्या तऱ्हेचा नियम ‘वापरा’चा. समजा अट आहे १९ पैकी किमान १५ वेळा खुर्ची वापरात हवी; कोण बसलं याला महत्त्व नाही. स्वतः गेलेले, पाठवलेले आणि विकलेले सामने धरून तिचे १६ भरतात. ती पास.

दुसऱ्या तऱ्हेचा नियम ‘स्वतःच्या हजेरी’चा. समजा अट आहे किमान १० सामन्यांना धारकाने स्वतः यायला हवं. तिचे भरतात ९. ती नापास.

बाई तीच, खुर्ची तीच, हंगामही तोच. पहिला नियम विचारतो की खुर्ची रिकामी राहिली का. दुसरा विचारतो की ही खुर्ची खरोखर तुमची आहे का. पहिला रिकाम्या खुर्च्यांवरचा इलाज आहे, दुसरा काळ्याबाजारावरचा. आपल्या क्लबाचा नियम कोणत्या जातीचा, हे पाहिल्याशिवाय नुसता किमान आकडा पाठ करून उपयोग नाही.

बारीक अक्षरांतल्या गोष्टी

खरे वाद नियमाच्या कडेला होतात. एक्स्चेंजवर टाकलेलं पण न विकलं गेलेलं तिकीट वापरात धरायचं का? धारकाने तर वेळेवर कळवलं होतं. काही क्लब ते धरतात, काही नाही. कपचे सामने मोजायचे का? बहुधा नाही, हिशेब लीगच्या १९ चाच. मुलासाठीच्या सवलतीच्या खुर्चीत काका बसणार असेल तर फरकाची रक्कम आधी भरावी लागते, नाहीतर दारावर लाल दिवा. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, लष्करी नोकरी यांसाठी सूट मागता येते, पण ती मागावी लागते आणि कागद दाखवावा लागतो.

शिक्षाही एकदम होत नाही. हंगामाच्या मध्यावर इशाऱ्याचं पत्र येतं: इतके झाले, इतके उरले. तरीही आकडा भरला नाही तर नूतनीकरणाचा हक्क जातो, आणि मग प्रतीक्षा यादीत शेपटाला उभं राहायचं.

चाहत्यांची बाजू

चाहत्यांचं म्हणणं असं की हजेरी मोजता, तर तारखाही पाळा. इंग्लंडमध्ये फुटबॉलची परंपरागत वेळ शनिवारी दुपारी तीनची. वेळापत्रक जाहीर होतं तेव्हा बरेचसे सामने याच वेळेला लावलेले असतात. पुढे टीव्हीच्या सोयीने त्यातले काही शुक्रवारी रात्री, काही शनिवारी साडेबाराला, काही सोमवारी रात्री जातात. दीडशे मैलांवरून येणाऱ्या माणसाला सोमवारी रात्री सामना संपल्यावर परतीची गाडी नसते. तो आला नाही तर चूक कोणाची?

यात एक गंमत आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना थेट दाखवत नाहीत, लोक घरी न बसता मैदानावर जावेत म्हणून. आपल्याकडे ही बंदी नाही. त्यामुळे हिवाळ्यात रात्री साडेआठला पुण्यातल्या चाहत्याला जो सामना घरी बसून दिसतो, तो लंडनमध्ये मैदानाच्या पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्याला टीव्हीवर दिसत नाही.

स्वस्त तिकिटांच्या देशातही हजेरीची अट सुटलेली नाही. जर्मनीच्या बुंडेसलिगा या वरच्या स्पर्धेत घरचे सामने १७. बायर्न म्युनिकचं उभ्याने पाहायचं हंगामाचं तिकीट दोनशे युरोंच्या आत राहिलेलं आहे. तिकीट इतकं स्वस्त असलं की न जाण्याची टोचणीही कमी होते आणि हक्क सोडायची इच्छा तर त्याहून कमी. त्यामुळे किमान वापराची अट तिथेही आली.

रिकाम्या खुर्चीचा एक उपयोग मात्र चाहत्यांनी स्वतः करून दाखवला आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने नव्या हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पाउंडांचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला अॅनफील्ड या घरच्या मैदानावर संडरलंडविरुद्ध लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होतं. ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठले आणि चालू लागले. उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल केले, सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांत मालकांनी ती दरवाढ मागे घेतली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पाउंडांची कमाल मर्यादा मान्य केली.

तो प्रसंग आजच्या नियमाने मोजून पाहा. उठून गेलेले सगळे लोक दारातून आत आलेले होते. यंत्राने प्रत्येकाची नोंद घेतली असती आणि किमान हजेरीच्या हिशेबात त्या सामन्याचा एक आकडा प्रत्येकाच्या खात्यात पडला असता. यंत्र आत येणारा माणूस मोजतं. तो कधी उठून गेला हे त्याला विचारायची सोय अजून तरी केलेली नाही.