गाव कुठलं तुमचं? श्रॉपशायर!

श्रूजबरी नावाचं एक खरंखुरं शहर आहे, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. तोवर माझ्यासाठी 'श्रूजबेरी' म्हणजे पुण्यात कॅम्पातल्या कयानी बेकरीसमोरची रांग, हातात पडलेला तो खोका आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातून गायब झालेली चार बिस्किटं. २०१८ मध्ये ऑफिसच्या कामासाठी बर्मिंगहॅमला होते. एका रविवारी स्टेशनवरच्या बोर्डावर ते नाव झळकलं आणि मी थबकलेच. चक्क बिस्किटाच्या गावाची गाडी! तिकीट काढलं आणि बसले. तासाभराचा तर प्रवास.

श्रूजबरी हे श्रॉपशायर काउंटीचं मुख्य शहर. सेव्हर्न नदीनं जवळजवळ चारही बाजूंनी वेढलेलं, काळ्या-पांढऱ्या लाकडी पट्ट्यांच्या जुन्या घरांचं. बाकी काउंटी म्हणजे शेतं, मेंढ्या, टेकड्या आणि पश्चिमेला लगेच वेल्सची हद्द. लंडनवाल्यांच्या दृष्टीनं अगदी आडगाव. आणि तरीही एवढ्याशा टापूशी नातं सांगणारे लेखक-नट मोजायला बसलं, तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत.

आता आपल्याकडची एक गंमत सांगते. ऑफिसात नवीन कुणी जॉइन झालं की नाव आणि शिक्षणानंतरचा तिसरा प्रश्न ठरलेला : "मूळ गाव कुठलं?" या प्रश्नाला माझी दरवेळी तंतरते. बाबा बँकेत, त्यामुळे दर तीन वर्षांनी बदली. आजोबांचं घर चिपळूणजवळ, पण तिथे मी तोवर उभ्या आयुष्यात चारदा गेले असेन. मग ते 'माझं' गाव कसं? या प्रश्नाचं उत्तर मला कोकणात नाही, श्रॉपशायरमध्ये सापडलं. कसं, ते सांगते.

पेटंट ऑफिसातला कारकून

सुरुवात सगळ्यात मोठ्या 'फसवणुकी'पासून करू. श्रॉपशायरचं नाव ज्यानं जगभर नेलं तो कवी ए. ई. हाउसमन मुळात श्रॉपशायरचा नव्हताच! १८५९ मध्ये तो जन्मला शेजारच्या वूस्टरशायरमध्ये. लहानपणी त्याला घराजवळच्या उंचवट्यावरून पश्चिमेकडे श्रॉपशायरचे डोंगर दिसायचे. सूर्य मावळायचा तो त्यांच्याच मागे. बस, एवढंच काय ते नातं.

हाउसमन हुशार होता, पण ऑक्सफर्डच्या शेवटच्या परीक्षेत १८८१ मध्ये सपशेल नापास झाला. मग पोटासाठी लंडनच्या पेटंट ऑफिसात कारकुनी. दहा वर्षं! दिवसभर फायली आणि संध्याकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ग्रीक-लॅटिनचा अभ्यास. या अभ्यासाच्या जोरावर १८९२ मध्ये तो डिग्रीच्या परीक्षेत नापास झालेला माणूस युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये लॅटिनचा प्रोफेसर झाला. रोज रात्री 'आता उद्यापासून नक्की' म्हणत झोपणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. कॉलेजपासूनचा मित्र मोझेस जॅक्सन याच्यावर त्याचं प्रेम होतं. जॅक्सनच्या मनात तसं काही नव्हतं आणि त्या काळच्या इंग्लंडात असं प्रेम उघड करणं म्हणजे थेट तुरुंगाची वाट. जॅक्सनही पेटंट ऑफिसातच होता. १८८७ मध्ये तो तिथून निघाला आणि कॉलेजचा प्रिन्सिपॉल होऊन तेव्हाच्या आपल्या मुंबई इलाख्यातल्या कराचीला आला. हाउसमन लंडनमध्येच राहिला. १८९६ मध्ये त्यानं पदरमोड करून ६३ कवितांचं एक छोटंसं पुस्तक छापलं : 'ए श्रॉपशायर लॅड'. अकाली मरणारी तरुण पोरं, निसटून गेलेलं प्रेम आणि परत न जाता येणारं गाव. सुरुवातीला पुस्तक फारसं खपलं नाही. पुढे पहिल्या महायुद्धात कित्येक सैनिकांच्या खिशात ते असायचं.

त्यातली गंमत म्हणजे, कवितेत त्यानं ह्यूली गावच्या चर्चला उंच मनोरा दिला. त्याचा भाऊ तिथे गेला तर मनोरा नाहीच! हाउसमनला हे कळलं, पण त्यानं कविता बदलली नाही. १९३६ मध्ये तो गेल्यावर त्याच्या अस्थी श्रॉपशायरमधल्या लडलो गावच्या चर्चपाशी पुरण्यात आल्या. जिथे कधी राहिला नाही, त्या गावानं त्याला आपला म्हणून ठेवून घेतला.

बँकेतला कंटाळलेला पोरगा

दुसरा कारकून आपल्या जास्त ओळखीचा. पी. जी. वुडहाउस! त्याचे वडील हाँगकाँगमध्ये मॅजिस्ट्रेट, त्यामुळे पोरगा इंग्लंडात, कधी या मावशीकडे तर कधी त्या आत्याकडे वाढला. (त्याच्या पुस्तकांत इतक्या खडूस आत्या का आहेत, ते आलं लक्षात?) आई-वडील परतल्यावर त्यांनी श्रॉपशायरमध्ये स्टेबलफर्डला घर घेतलं. वुडहाउस तेव्हा शाळकरी वयाचा. सुट्टीत जायला स्वतःचं म्हणावं असं घर त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

हे सुख सहा-सात वर्षांचंच. १९०० मध्ये तो लंडनच्या हाँगकाँग अँड शांघाय बँकेत चिकटला. काम डोक्यावरून जायचं आणि एक दिवस आपली पूर्वेकडे बदली होणार ही टांगती तलवार. रात्री जागून लिहायचा. दोन वर्षांत लिखाणाची कमाई बरी वाटू लागली आणि १९०२ मध्ये त्यानं राजीनामा टाकला.

१९१५ मध्ये 'समथिंग फ्रेश' या कादंबरीत ब्लँडिंग्ज कॅसल अवतरला. कुठे? अर्थातच श्रॉपशायरमध्ये. विसरभोळा लॉर्ड एम्सवर्थ आणि त्याची जीव की प्राण असलेली, जत्रेत बक्षिसं पटकावणारी डुकरीण. तिथे कायम उन्हाळा आणि कुणाचंच फार वाईट होत नाही.

वुडहाउसचं स्वतःचं मात्र झालं. १९४० मध्ये फ्रान्समध्ये तो जर्मनांच्या तावडीत सापडला. सुटका झाल्यावर १९४१ मध्ये बर्लिन रेडिओवरून त्यानं पाच विनोदी भाषणं केली. हेतू निरुपद्रवी होता, पण बॉम्ब झेलणाऱ्या इंग्लंडला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. गद्दार म्हणून शिव्या पडल्या. १९४७ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि इंग्लंडात पुन्हा कधीच परतला नाही. १९७५ मध्ये हॉस्पिटलात त्यानं शेवटचा श्वास घेतला, तेव्हा हातातली कादंबरी अर्धी राहिली होती. ती ब्लँडिंग्जचीच होती. घरी जायला मिळालं नाही, तरी त्र्याण्णवाव्या वर्षीही त्याचं श्रॉपशायरला जाणं चालूच होतं.

बाजारात भाजी विकणारी लेखिका

मेरी वेब मात्र अस्सल इथली. १८८१ मध्ये लेटन गावात जन्मलेली. विशीत तिला थायरॉइडचा आजार जडला. डोळे, चेहरा, गळा यांवर त्याच्या खुणा उमटल्या आणि लोकांसमोर जायची तिला धास्ती वाटायला लागली. तरी ही बाई घरच्या बागेतली भाजी आणि फुलं घेऊन कित्येक मैल चालत श्रूजबरीच्या बाजारात विकायला यायची.

१९२१ मध्ये नवऱ्याबरोबर ती लंडनला गेली, लेखक म्हणून नाव व्हावं म्हणून. तिथे बसून तिनं लिहिली 'प्रेशस बेन' (१९२४). नायिकेचा ओठ जन्मतः फाटका, सगळं गाव तिला चेटकीण ठरवायला टपलेलं आणि एक विणकर मात्र तिला नीट बघणारा. कुणाची व्यथा कुणाला दिली, हे वेगळं सांगायला नको. पुस्तकाला एक बक्षीस मिळालं, पण खप यथातथाच. १९२७ मध्ये, ४६ व्या वर्षी ती गेली. सहाच महिन्यांनी पंतप्रधान बाल्डविननी एका भाषणात तिची तारीफ केली आणि पुस्तकांवर उड्या पडल्या. १९८९ मध्ये बीबीसीनं 'प्रेशस बेन' पडद्यावर आणली, जॅनेट मॅकटीअर आणि क्लाइव्ह ओवेनला घेऊन. हे सगळं बघायला ती हवी होती.

'माहीम' नावाचं घर

आता दचकू नका. श्रूजबरीत मंकमूर रोडवर एका घराचं नाव होतं 'माहीम'. हो, आपलंच माहीम! घरमालक टॉम ओवेन रेल्वेत होते आणि तरुणपणी भारतात येऊन गेले होते. त्यांचा थोरला मुलगा म्हणजे विल्फ्रेड ओवेन, पहिल्या महायुद्धाचा सगळ्यात मोठा इंग्रज कवी.

विल्फ्रेडचा जन्म १८९३ चा, ऑस्वेस्ट्री गावातल्या आजोबांच्या मोठ्या घरात. तो चार वर्षांचा होण्याआधीच आजोबा गेले आणि ते घर विकावं लागलं. पुढे फिरत फिरत कुटुंब श्रूजबरीला आलं. विल्फ्रेड लढाईवर गेला तो टागोरांचे शब्द वहीत टिपून घेऊन. ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध संपायला एकच आठवडा उरलेला असताना, फ्रान्समध्ये एका कालव्यापाशी गोळी लागून तो गेला. वय २५. 'माहीम'च्या दारात तार आली ती ११ नोव्हेंबरला. युद्ध संपलं म्हणून तेव्हा गावभर चर्चच्या घंटा वाजत होत्या.

दोन वर्षांनी त्याच्या आईनं टागोरांना पत्र लिहिलं. निरोप घेताना मुलानं म्हणून दाखवलेल्या तुमच्या ओळी कुठल्या पुस्तकात आहेत, असं तिनं विचारलं होतं. हे मी नंतर कधीतरी वाचलं. माहीमला राहणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

जी गेलीच नाही आणि जो येऊन राहिला

एडिथ पार्जिटर, म्हणजे रहस्यकथावाल्यांची एलिस पीटर्स, ही तिसऱ्याच तऱ्हेची. १९१३ मध्ये इथे जन्मली, केमिस्टच्या दुकानात नोकरी केली, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला दलात होती आणि परत इथेच. साठी ओलांडल्यावर, १९७७ मध्ये तिनं श्रूजबरीच्याच मठातला एक साधू डिटेक्टिव्ह उभा केला : ब्रदर कॅडफेल. वीस कादंबऱ्या! टीव्ही मालिकेत (१९९४ ते ९८) डेरेक जेकबी कॅडफेल झाला. शूटिंग मात्र हंगेरीत. त्या मठाचं चर्च मी त्या रविवारी पाहिलं. बाहेर ओवेनच्या स्मरणार्थ एक शिल्प आहे, १९९३ चं.

'इन्सेप्शन'मधला (२०१०) अंथरुणाला खिळलेला अब्जाधीश बाप आठवतोय? तो पीट पोस्टलथ्वेट. 'द यूज्वल सस्पेक्ट्स'मधला कोबायाशीही तोच. जन्म १९४६ चा, वॉरिंग्टनचा. हॉलिवूडमध्ये नाव झाल्यावर लॉस एंजलिसमध्ये बंगला घेता आला असता. त्यानं निवडलं श्रॉपशायरमधल्या बिशप्स कासलजवळचं शेतातलं घर. २००९ मध्ये 'द एज ऑफ स्टुपिड' या हवामानबदलावरच्या फिल्मच्या प्रीमियरला त्यानं मंत्र्यांना जाहीर सुनावलं, की नवं कोळशाचं वीजकेंद्र होणार असेल तर मी माझा सरकारी किताब परत करतो. जानेवारी २०११ मध्ये कॅन्सरनं तो गेला, श्रॉपशायरमध्येच. त्याचं 'मूळ गाव' हे नव्हतं. पण राहायला त्यानं हेच निवडलं.

आणि एक थडगं

परत निघण्याआधी सेंट चॅड चर्चच्या आवारात गेले. १९८४ मध्ये डिकन्सच्या 'ए ख्रिसमस कॅरल'चं शूटिंग श्रूजबरीत झालं होतं. त्यात वापरलेला एबेनेझर स्क्रूजच्या थडग्याचा दगड युनिटनं तिथेच ठेवला. कधी जन्मलाच नाही अशा माणसाचं थडगं, आणि लोक येऊन त्याच्यासमोर फोटो काढतात! २०२४ मध्ये कुणीतरी तो दगड फोडल्याची बातमी वाचली, तेव्हा ओळखीच्या माणसाचं काही झाल्यासारखं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, बिस्किटाचं काय झालं? खाल्लं ना! तिथल्या 'श्रूजबरी केक'चा उल्लेख १७०० सालच्या काँग्रीव्हच्या नाटकातही आहे, इतका तो जुना. मी खाल्लेला पातळ होता, लिंबाच्या वासाचा. छान होता. पण खरं सांगू? आपलं कॅम्पातलं बिस्किट जास्त खुसखुशीत.

पुढच्या गणपतीत बॉसकडून चार दिवसांची रजा घेतली आणि चिपळूणला गेले. काकूनं दार उघडलं आणि पहिला प्रश्न, "किती दिवसांची रजा?" चार म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. पण मग परसात घेऊन गेली आणि आजोबांनी लावलेली झाडं एकेक करून दाखवली. मी मोबाइलमध्ये नावं टिपत गेले. यातली निम्मी मला आधी ओळखूही आली नसती.

तेव्हापासून ऑफिसात कुणी मूळ गाव विचारलं की मी थेट सांगते, "चिपळूणजवळ." आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "वा! मग जाता की नाही?"

पूर्वी इथे मी विषय बदलायचे. आता रजेचा अर्ज भरते.